दहावी विज्ञान: समीकरण संतुलित करताना पोरगी खालचे आकडेच बदलते, कसं समजावू?

मोर्शीकर_बागवान
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाले इथं संत्र्याच्या धाग्यावर वाचून रायलो, आज वेगळा विषय घेऊन आलो. माही मोठी पोरगी यंदा दहावीले हाय. विज्ञान भाग १ मधला तिसरा धडा, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, त्याची चाचणी झाली अन् पेपरात जवळपास सगळ्या समीकरणांवर लाल रेघ. दोन दिवस पोरगी जेवताना बोललीच नाई. काल रात्री तिची वही घेऊन बसलो. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन म्हणजे पाणी, त्यात डावीकडे ऑक्सिजन दोन अन् उजवीकडे एक, तर तिनं पाण्याच्या सूत्रातच ओ च्या खाली दोन लिहून टाकला, एच२ओ२. मोजलं तर दोन्हीकडे बरोबर येते! मग हे चूक काऊन, ते मले सांगता नाई आलं. शाळेत विचारलं तर "असं करायचं नसते" एवढंच उत्तर भेटलं म्हणते. शिकवणी तालुक्याले हाय, जायले यायले दोन तास, संध्याकाळी एकटीले पाठवणं जमत नाई. कोणी नीट समजावून सांगा, मी तिच्यासंग बसून शिकतो.

(सूत्रं देवनागरीतच लिहिली, खालचा छोटा आकडा फोनवर येत नाई.)

विज्ञानवाली_ताई
दादा, आधी एक सांगते, तुमच्या मुलीनं मोजणी बरोबर केली आहे. दोन्हीकडचे अणू सारखे यायला हवेत हे तिला कळलंय, आणि या धड्यातलं मोठं काम तेच आहे. चुकलं ते फक्त कुठला आकडा हलवायचा हे. मी चंद्रपूर जिल्ह्यात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं हीच चूक करतात.

या धाग्यापुरतं आपण असं ठरवू की सूत्राच्या आत, अक्षराला चिकटून आलेला आकडा म्हणजे खालचा छोटा आकडा आणि सूत्राच्या आधी जागा सोडून लिहिलेला म्हणजे सहगुणक. छोटा आकडा पदार्थ कोणता ते सांगतो, सहगुणक तो किती आहे ते सांगतो. एच२ओ म्हणजे पाणी, जे आपण पितो. एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, ज्याने दवाखान्यात जखम धुतात आणि पांढरा फेस येतो. एक आकडा वाढला आणि पदार्थच बदलला. प्रश्नात पाणी तयार होतंय असं दिलेलं असताना आपण उत्तरात पेरॉक्साइड कसं लिहिणार? म्हणून सूत्राला हात लावायचा नाही, त्याच्या आधी आकडा लावायचा:

२ एच२ + ओ२ → २ एच२ओ

आता मोजायला सांगा तिला. डावीकडे हायड्रोजन चार, ऑक्सिजन दोन, उजवीकडे पण चार आणि दोन.

आणि मुलांना मी दुसरं उदाहरण हमखास देते, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि सीओ२ (कार्बन डायऑक्साइड). हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं दगावतात ती सीओ मुळे, कोळशाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की तो वायू बनतो. त्याला वास नाही रंग नाही. फक्त एका ऑक्सिजनचा फरक आहे, म्हणून "आकडाच तर बदलला" असं कधी म्हणायचं नाही.

मोर्शीकर_बागवान
ताई, हे एकदम डोक्यात बसलं. म्हणजे बिलावर मालाचं नाव बदलायचं नाई, नग बदलायचे. असंच ना?

विज्ञानवाली_ताई
हो, अगदी असंच.

वणी_चुनाभट्टी
ताईंनी सांगितलं ते बरोबरच पण मुळात दोन्हीकडे सारखं का यायला पाहिजे ते पोरीला कळलं तर ती कधीच चुकणार नाही असं माझं मत. आमच्या राजूरकडे चुन्याच्या भट्ट्या आहेत, माझं लहानपण त्यांच्या धुरातच गेलं. भट्टीत चुनखडीचा दगड टाकतात, खाली कोळसा, आणि निघते कळी म्हणजे कळीचा चुना. दगड शुद्ध असेल तर शंभर किलो दगडाला छप्पन किलो कळी. लहानपणी मला वाटायचं उरलेला चव्वेचाळीस किलो जळून गेला, संपला. तो संपत नाही, सीओ२ होऊन हवेत जातो.

सीएसीओ३ → सीएओ + सीओ२

कॅल्शिअम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ धरून बेरीज करा, १०० बरोबर ५६ अधिक ४४, एक ग्रामही इकडेतिकडे नाही. लव्हाझिए नावाच्या फ्रेंच माणसाने बंद भांड्यात तोलून तोलून हे दाखवलं आणि १७८९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं, तोच द्रव्य अक्षय्यतेचा नियम. बाण्याच्या डाव्या बाजूला जेवढे अणू तेवढेच उजव्या बाजूला कारण अणू ना नवीन जन्मतात ना मरतात, फक्त जोड्या बदलतात. समीकरण संतुलित करणं म्हणजे काट्यावर माल बरोबर भरला का ते बघणं.

वणी_चुनाभट्टी
बाण्याच्या नाही, बाणाच्या. घाईत लिहिलं.

डवरा_तिफण
मी डी.एड. केलंय, सध्या शेती. मला प्रकारांचा गोंधळ व्हायचा, संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन, मग परत ऊष्मादायी ऊष्माग्राही, मग ऑक्सिडीकरण (ऑक्सिजन घेणं) क्षपण (ऑक्सिजन देणं), हे एवढे सगळे प्रकार एकाखाली एक लिहिलेले असतात आणि पोरांना वाटतं अभिक्रिया यांच्यापैकी कोणत्या तरी एकाच खणात बसणार. वरचंच उदाहरण घ्या. चुनखडी फुटली, एकाचे दोन झाले, ते अपघटन. पण ते उष्णता दिल्याशिवाय होत नाही म्हणून ऊष्माग्राही पण. आता तीच कळी पाण्यात टाका:

सीएओ + एच२ओ → सीए(ओएच)२

दोनाचं एक झालं, संयोग. आणि पाणी कसं खदखदतं ते दिवाळीच्या आधी घर सारवताना आपण सगळ्यांनी पाहिलंय, म्हणजे ऊष्मादायी. पुढं ती विरलेली चुनकळी भिंतीला लावली की हवेतला सीओ२ घेऊन परत सीएसीओ३ होते, म्हणून चुन्याची भिंत दोनतीन दिवसांनी जास्त पांढरी आणि घट्ट दिसते:

सीए(ओएच)२ + सीओ२ → सीएसीओ३ + एच२ओ

भट्टीत गेलेला दगड फिरून भिंतीवर दगडच झाला! मला हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता. तर सांगायचं हे की "कोणता प्रकार" म्हणताना आधी विचारायचं की कोणत्या बाजूनं बघतोय, अणूंची मांडणी बघतोय, का उष्णता बघतोय, का ऑक्सिजनची देवाणघेवाण. एका अभिक्रियेला दोन नावं असली तर घाबरायचं नाही.

मोर्शीकर_बागवान
भाऊ, हे वाचून दाखवलं तर पोरगी म्हणते का बाबा आपण खोडाले लावतो ते बोर्डो पेस्ट, त्यात बी चुनाच असते, ते कोणत्या प्रकारात येते? आमच्याकडे डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळते तो रोग) पावसाळ्याच्या आधी लावतो, मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. मोरचूद पाच लिटर पाण्यात वेगळा, चुना पाच लिटरमधी वेगळा, मंग तिसऱ्या भांड्यात दोन्ही संगच ओततो. प्लास्टिकचंच भांडं घेतो, लोखंडाचं घेतलं तर भांडं खराब होते अन् औषध बी.

विज्ञानवाली_ताई
तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या! प्रयोगशाळा घरातच निघाली की. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, चुना पाण्यात विरला की सीए(ओएच)२. दोन्ही एकत्र आले की:

सीयूएसओ४ + सीए(ओएच)२ → सीयू(ओएच)२ + सीएएसओ४

तांब्यासोबत सल्फेट होतं ते कॅल्शिअमकडे गेलं आणि कॅल्शिअमकडचं हायड्रॉक्साइड तांब्याकडे आलं, दोघांनी जोडीदार बदलले, म्हणून दुहेरी विस्थापन. मोरचुदाचं पाणी आरपार दिसतं, चुना मिसळला की गढूळ आकाशी निळं होतं, तो न विरघळणारा निळा पदार्थ म्हणजे अवक्षेप. (खऱ्या बादलीत तांब्याची आणखीही गुंतागुंतीची क्षारं बनतात, पण दहावीला एवढं समीकरण पुरे.) हे आधीच संतुलित आहे, मोजून बघा. इथं एक युक्ती सांगते, एसओ४ दोन्ही बाजूला अख्खाच्या अख्खा राहिलाय, तर त्याचा गंधक वेगळा, ऑक्सिजन वेगळा असं सुटं मोजत बसू नका, गाठोडं समजून एकच मोजा. ओएच पण तसंच. अर्धी मेहनत वाचते.

आणि लोखंडाच्या भांड्याचं म्हणालात ना, ते तर त्याहून भारी आहे:

एफई + सीयूएसओ४ → एफईएसओ४ + सीयू

लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, ते तांब्याला बाहेर काढून स्वतः सल्फेटसोबत बसतं. एकानं एकाला हुसकावलं, म्हणजे विस्थापन. बादली झिजते आणि तांबं लालसर थर होऊन बादलीला चिकटतं. धड्यात खिळ्याचा प्रयोग आहे तो हाच.

वरुड_संत्रा
चाकूची परीक्षा राहिली सांगायची. पेस्ट झाली की घासलेला लोखंडी चाकू किंवा विळा त्यात मिनिटभर बुडवायचा. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर आला म्हणजे मोरचूद मोकळा राहिला, पानं अन् साल जाळतो, अजून चुना टाका. पातं कोरं निघालं म्हणजे झालं. आमचे वडील हे करत, कारण माहीत नव्हतं, आज ताईंच्या समीकरणानं कळलं.

अन् हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो गावाचं, म्हणून बोर्डो. तिथं द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी मिलार्डे नावाच्या प्राध्यापकानं १८८५ मध्ये ते जगापुढं आणलं.

मोर्शीकर_बागवान
एक शंका. समीकरणात तर मोरचूद एक अन् चुना एक. म्हणूनच किलोले किलो घेतो काय आपण?

विज्ञानवाली_ताई
नाही दादा, आणि हा फार चांगला प्रश्न आहे कारण मुलं इथंच फसतात. समीकरणातला एक म्हणजे एक किलो नाही, एक रेणू. मोरचुदाचा रेणू वजनाला भारी, त्यात पाण्याचे पाच रेणू पण अडकलेले असतात, सगळं मिळून साधारण २५०. सीएओ फक्त ५६. म्हणजे हिशोबाने एक किलो मोरचुदाला शुद्ध कळी सव्वादोनशे ग्रामच्या आसपास पुरते. आपण किलोभर घेतो कारण बाजारातली कळी शुद्ध नसते, बरीचशी हवेत राहून आधीच विरलेली असते, आणि पेस्ट थोडी चुन्याकडे झुकलेली असली तरच झाडाला सुरक्षित. मोकळं तांबं राहणं धोक्याचं, जास्तीचा चुना नाही. म्हणून तर चाकू लागतो.

खारपाणपट्टा
दर्यापूर भागातला आहे. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात जमीन चोपण, पाणी खारं, पाऊस पडला की माती चिकट आणि सुकली की दगड, भेगा हात घालता येईल एवढ्या. कृषी सहायक जिप्सम टाका म्हणतात. हे पण दुहेरी विस्थापनच ना?

विज्ञानवाली_ताई
हो. जिप्सम म्हणजे कॅल्शिअम सल्फेट, आणि चोपण जमिनीत सोडिअम कार्बोनेट असतं. एनए२सीओ३ + सीएएसओ४ → सीएसीओ३ + एनए२एसओ४. सोडिअम सल्फेट पाण्यात विरघळतं, पावसाच्या किंवा गोड्या पाण्यासोबत निचरा होऊन खाली जातं. मातीच्या कणाला चिकटलेला सोडिअम पण कॅल्शिअम असाच हुसकावतो. पण निचराच नसेल तर सोडिअम सल्फेट तिथंच राहील, समीकरण बरोबर असून जमीन सुधारणार नाही. चर काढलेत का ते आधी बघा.

खारपाणपट्टा
चर नाहीत. हे कोणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद ताई.

बीजगणित_अकोला
एवढं सगळं छान आहे पण परीक्षेत पोरांना वेळ नसतो. माझी पद्धत, प्रत्येक पदार्थापुढे अ, ब, क, ड लिहा, प्रत्येक मूलद्रव्याचं एक समीकरण मांडा, सोडवा. कोणतंही समीकरण सुटतं, अंदाज लावायची गरजच नाही.

विज्ञानवाली_ताई
सुटतं, मान्य. पण दहावीच्या मुलीला त्याची गरज नाही आणि अ ब क ड मध्ये ती रसायनशास्त्र विसरते असं मी बघितलंय. धड्यातली बहुतेक समीकरणं दोनतीन पायऱ्यांत होतात. गॅस सिलेंडर घ्या, त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेन सी३एच८. ज्या सूत्रात जास्त मूलद्रव्यं किंवा जास्त अणू तिथून सुरुवात करायची आणि ऑक्सिजन शेवटी, कारण इथं तो एकटा ओ२ म्हणून उभा आहे, त्याचा आकडा बदलला तर बाकी कोणाला धक्का लागत नाही. कार्बन तीन, म्हणून ३ सीओ२. हायड्रोजन आठ, म्हणून ४ एच२ओ. आता उजवीकडे ऑक्सिजन सहा अधिक चार, दहा. डावीकडे ५ ओ२. झालं:

सी३एच८ + ५ ओ२ → ३ सीओ२ + ४ एच२ओ

ब्युटेनला मुलं अडकतात, सी४एच१०, कार्बनला ४, पाण्याला ५, ऑक्सिजन येतो तेरा आणि तेराचे जोड्याजोड्यांनी वाटे होत नाहीत. तिथं खोडून पुन्हा पहिल्यापासून करायचं नाही. साडेसहा लिहा आणि मग अख्ख्या समीकरणाला दोनने गुणा:

२ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ

विषम आकडा आला की दुप्पट करा, एवढं एक लक्षात ठेवलं की निम्मी भीती जाते.

बीजगणित_अकोला
बरं, दुप्पट करायची युक्ती पटली. माझ्या पुतण्याला हेच सांगतो.

डवरा_तिफण
सरावासाठी आपल्या भागातली दोन देतो, पोरीला करायला सांगा. पहिलं, गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज आहे, हेमॅटाइट, एफई२ओ३. भट्टीत सीओ ने त्याचा ऑक्सिजन काढून घेतात, लोखंड आणि सीओ२ मिळतात. दुसरं, भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीजची खाण आहे, एमएनओ२. त्यात ॲल्युमिनिअमची भुकटी मिसळून पेटवली की मँगनीज आणि एएल२ओ३, आणि उष्णता इतकी की मँगनीज वितळूनच बाहेर पडतो. संतुलित करून प्रकार पण सांगायचा.

मोर्शीकर_बागवान
(बाबांच्या फोनवरून मी लिहिते आहे)
पहिलं: एफई२ओ३ + ३ सीओ → २ एफई + ३ सीओ२. लोखंड आधी दोन लिहिलं. मग ऑक्सिजन जुळत नव्हता, डावीकडे तीन अधिक एक चार, उजवीकडे दोन. मी सीओ२ ला २ लावला तर ऑक्सिजन जुळला पण कार्बन बिघडला. मग लक्षात आलं की प्रत्येक सीओ एकच ऑक्सिजन उचलतो आणि उचलायचे आहेत तीन, म्हणून तीन सीओ लागणार. मग सगळं एकदम जुळलं. एफई२ओ३ चं क्षपण आणि सीओ चं ऑक्सिडीकरण, म्हणजे रेडॉक्स.
दुसरं: ३ एमएनओ२ + ४ एएल → ३ एमएन + २ एएल२ओ३. ऑक्सिजन इकडे दोन तिकडे तीन, म्हणून सहा केले. विस्थापन पण आहे आणि रेडॉक्स पण. आणि ऊष्मादायी.
ताई, माझा एक प्रश्न आहे. युरिया टाकल्यावर शेतात जो वास येतो ती पण अभिक्रिया आहे का?

विज्ञानवाली_ताई
दोन्ही बरोबर, आणि "तीन ऑक्सिजन उचलायचे म्हणून तीन सीओ" हा तू केलेला विचार मला उत्तरापेक्षा जास्त आवडला. युरियाचं हे घे:

सीओ(एनएच२)२ + एच२ओ → २ एनएच३ + सीओ२

ओल्या मातीतल्या जिवाणूंच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) हे होतं आणि वास येतो तो अमोनियाचा. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. वरवर फेकलेल्या युरियातला बराचसा असा उडून जातो, म्हणून बाबांना सांग मातीआड करायला.

मोर्शीकर_बागवान
आज सकाळी बापलेकीनं मिळून पेस्ट केली. चुना विरवताना तिले दूर उभं केलं, डोळ्यात उडते म्हणून. पहिल्यांदा मुद्दाम चुना कमी टाकला, तिनंच सांगतलं तसं करा म्हणून. विळा बुडवला, काढला, पात्यावर तांब्याचा थर! तिनं तो बोटानं पुसून पायला अन् जोरात वरडली, बाबा, विस्थापन. मंग बाकीचा चुना टाकला, विळा घासून परत बुडवला, कोरा निघाला. दोन्ही समीकरणं तिनं विहिरीच्या मोटारघराच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली. फोटो टाकतो संध्याकाळी, इथी रेंज नाई.

विज्ञानवाली_ताई
फोटो नक्की टाका. आणि तिला सांगा भिंतीवर प्रत्येक सूत्राच्या पुढे कंसात स्थायू, द्रव, वायू, जलीय ते पण लिही. सीयूएसओ४ जलीय, सीयू(ओएच)२ ला मात्र खाली जाणारा बाण, कारण तो अवक्षेप.